वाऱ्याच्या उलट चालणारी लाट

२०१० च्या जुलैअखेरीस मॉस्कोतला पारा ३८.२ अंशांवर गेला. शहराभोवतीची पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराची, दलदल कोरडी पडून पेटली होती आणि तिचा धूर रस्त्यांवर रेंगाळत होता. त्याच दिवसांत पाकिस्तानच्या वायव्येकडच्या डोंगरांवर असा पाऊस कोसळला की सिंधू पात्र सोडून पसरली. सुमारे दोन कोटी लोकांना त्या पुराचा फटका बसला. मॉस्को आणि पेशावर यांच्यात साडेतीन हजार किलोमीटरचं अंतर. दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या आभाळाला बोल लावले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. जमिनीवरून दिसतं ते आभाळ आपल्यापुरतंच असतं.

पण त्या दिवसांचा आठ-दहा किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांचा नकाशा काढून बघितला, तर तिथे दोन स्वतंत्र संकटं सापडत नाहीत. तिथे एक लाट आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा रशियावर उत्तरेकडे फुगून अडकून बसलाय आणि तोच पुढे दक्षिणेकडे खोल उतरून पाकिस्तानच्या उत्तरेला पोचलाय. फुगवट्याखाली हवा खाली बसत होती, तापत होती, ढग धरत नव्हते. खळग्याच्या पुढच्या अंगाला ती वर चढत होती आणि खालून येणाऱ्या मोसमी बाष्पाला हात देत होती. वणवा आणि पूर ही एकाच लाटेची दोन टोकं होती.

या लाटांचं मला फार वर्षांपासून वेड आहे. रात्री झोपण्यापूर्वी संगणकावर वरच्या थरांतल्या वाऱ्यांचे नकाशे उघडून बसायची खोड आहे, आणि ती सुटावी अशी इच्छाही नाही. ध्रुवावरून खाली बघितल्यासारखा नकाशा लावला की वाऱ्याचा पट्टा पृथ्वीभोवती एखाद्या वेड्यावाकड्या कड्यासारखा दिसतो. त्यातले फुगवटे मोजायचे. कधी तीन, कधी चार, कधी सहा. आणखी वर, तीस किलोमीटरवर गेलं की बारीकसारीक सगळं गळून जातं आणि दोनच उरतात, कधी एकच. एक लाट म्हणजे पृथ्वीच्या एका अंगाला फुगवटा आणि विरुद्ध अंगाला खळगा. संपलं. यापेक्षा मोठी लाट पृथ्वीवर मावतच नाही.

ती कुणाला दिसत नाही, दिसणारही नाही. समुद्राची लाट किनाऱ्यावर उभं राहून बघता येते, कारण तिचा उतार आणि चढ एका नजरेत येतो. इथे चढ एका खंडावर आणि उतार दुसऱ्यावर. तुम्ही कुठेही उभे असा, तुमच्या वाट्याला येतो तो फक्त बदललेला वारा. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी वेधशास्त्रज्ञाची गोष्ट मला म्हणूनच आवडते. ताटेनोच्या वेधशाळेतून त्यांनी १९२३ ते १९२५ या काळात १,२८८ फुगे सोडले आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढला. हिवाळ्यात नऊ-दहा किलोमीटरवर ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वारा असतो, हे त्यांनी नोंदवलं. म्हणजे आज ज्याला आपण जेट स्ट्रीम म्हणतो तेच. आणि साऱ्या जगाला कळावं म्हणून हा अहवाल त्यांनी १९२६ साली एस्पेरांतोमध्ये छापला! जगाची भाषा होऊ घातलेल्या त्या भाषेत तो जगात फारसा कुणी वाचला नाही. वारा मात्र त्यांनी अचूक मोजला होता. एका जागेवरून वाराच मोजता येतो. लाटेला अनेक जागा लागतात, आणि त्या सगळ्या जागांवर एकाच वेळी मोजावं लागतं.

लाट सापडली ती कागदावर. १९३९ साली कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी ती मांडली. स्टॉकहोमचा माणूस, नॉर्वेत बर्गनला हवामानशास्त्रज्ञ ब्यर्कनेसांच्या हाताखाली तयार झालेला, मग अमेरिकेत गेलेला. वातावरणासारखा गुंतागुंतीचा पदार्थ समोर असताना त्यांनी काय काय काढून टाकलं याची यादी थक्क करणारी आहे. तापमान नाही. ढग, पाऊस, बाष्प नाही. घर्षण नाही, डोंगर नाहीत. हवेला उंचीसुद्धा नाही, एक पातळ चादर फक्त. पृथ्वीचा गोलपणाही त्यांनी जवळजवळ सपाट केला. हे सगळं टाकून दिल्यावर त्यांनी एकच गोष्ट हातात धरून ठेवली: पृथ्वीचं फिरणं सगळीकडे सारखं जाणवत नाही. माझ्या मते विज्ञानात काय शोधलं याइतकंच काय फेकलं यालाही श्रेय द्यायला हवं, आणि त्या बाबतीत रॉस्बींइतका धीट माणूस विरळा.

सारखं जाणवत नाही म्हणजे काय? फूकोचा लंबक, म्हणजे लांब तारेवर मोकळा झुलणारा जड गोळा, ध्रुवावर टांगला तर त्याच्या झोक्याची दिशा साधारण एका दिवसात पूर्ण फिरते. ३० अंश अक्षवृत्तावर तेवढ्यालाच दोन दिवस लागतात. विषुववृत्तावर ती फिरतच नाही. म्हणजे पायाखालची जमीन ध्रुवावर पूर्ण गरगरते, विषुववृत्तावर अजिबात नाही आणि मधल्या प्रदेशात मध्यम. हवा जिथे असते तिथलं हे गरगरणं तिच्या अंगात मुरलेलं असतं, आणि ती दुसरीकडे निघाली की ते सोबत घेऊन जाते. उत्तर गोलार्धात हवेचा एखादा प्रचंड तुकडा उत्तरेकडे सरकला, तर तिथली जमीन त्याच्यापेक्षा जास्त गरगरत असते. हा तुकडा मागे पडतो. जमिनीच्या नजरेने तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागतो. दक्षिणेकडे सरकलेल्या तुकड्याचं बरोबर उलटं.

आता पुढची पायरी सावकाश घ्यायची, कारण सगळी गंमत तिथेच आहे. उत्तरेकडे गेलेला तुकडा काट्यांच्या दिशेने फिरतोय. अशा भोवऱ्याच्या पश्चिमेच्या कडेला वारा उत्तरेकडे वाहतो आणि पूर्वेच्या कडेला दक्षिणेकडे. म्हणजे आपल्या पश्चिमेला असलेल्या हवेला तो उत्तरेकडे ढकलतो, आणि ढकलली गेलेली ती हवाही आता तशीच फिरायला लागते. पूर्वेकडच्या हवेला तो खाली दक्षिणेत ओढून तिचं फिरणं मोडतो. फुगवटा पश्चिमेला नव्याने उगवतो, पूर्वेला विरतो. हवा कुठेही दूर गेलेली नाही, पण लाट पश्चिमेकडे सरकली. आणि ती नेहमी पश्चिमेकडेच सरकते. दक्षिण गोलार्धातसुद्धा. दोन्ही दिशांना समभावाने धावणाऱ्या लाटांची आपल्याला सवय असते; ही एकमार्गी आहे, कारण पृथ्वी एकाच दिशेने फिरते.

आणि वारा? तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतोय. लाट त्याच्या उलट चाललीय. लहान लाटांचा स्वतःचा वेग कमी, त्यामुळे वारा त्यांना उचलून पूर्वेकडे घेऊन जातो. मोठ्या लाटा वेगवान, त्या वाऱ्याला न जुमानता पश्चिमेकडे सरकू शकतात. मधली एक लांबी अशी असते की जेवढं लाट मागे जाते तेवढंच वारा तिला पुढे नेतो. ओढ्यात खडकाच्या पुढे एका जागी उभी राहिलेली पाण्याची लाट असते ना, तशी ही उभी राहते. आतून हवा धो धो वाहत असते आणि आकृती जागची हलत नाही. ४५ अंश अक्षवृत्तावर ताशी बहात्तर किलोमीटरच्या वाऱ्यात रॉस्बींच्या सूत्राने ही लांबी सुमारे ७,००० किलोमीटर येते. तिथे पृथ्वीचा घेर २८,००० किलोमीटरच्या थोडा वर आहे. भागाकार करून बघा, चार येतात. डोंगर नसलेल्या, पाऊस नसलेल्या, तापमानसुद्धा नसलेल्या त्या खोट्या वातावरणातून निघालेला आकडा खऱ्या नकाशावरच्या फुगवट्यांच्या पंक्तीत जाऊन बसतो. हा भागाकार मी कितीदा केला असेल, दर वेळी तेवढंच बरं वाटतं.

रॉस्बींच्या आधी चाळीसेक वर्षं ही लाट आणखी एकाने कागदावर गाठली होती. सिडनी सॅम्युएल हफ हा इंग्रज गणिती समुद्राच्या भरती-ओहोटीची लाप्लासची समीकरणं फिरत्या गोलावर सोडवत होता. १८९७-९८ च्या त्याच्या उत्तरांत दोन जातींची आंदोलनं निघाली. एक जात ओळखीची, पाणी वरखाली करणारी. दुसरी संथ, पश्चिमेकडे सरकणारी, जिला फिरण्याखेरीज दुसरा आधारच नाही. हफ पुढे केप ऑफ गुड होपच्या वेधशाळेचा प्रमुख खगोलशास्त्रज्ञ झाला. त्या दुसऱ्या जातीला हवामानात बघायला कुणाला सवड झाली नाही; झाली असती तरी बघायला फुगे कुठे होते?

इथवरची गोष्ट दहा किलोमीटरांच्या आतली. मला त्यापेक्षा तिच्या वरच्या मजल्यांत जास्त रस आहे.

हवा वर विरळ होत जाते, दर सोळा किलोमीटरला साधारण दहा पटींनी. खालून वर निघालेल्या लाटेला तीच ऊर्जा आता कमी हवेत मावायला लावायची असते, म्हणून तिचा आवाका वाढत जातो, त्याच सोळा किलोमीटरला तीन पटींहून थोडा जास्त. ऐंशी किलोमीटरपर्यंत विनाअडथळा पोचली तर कागदोपत्री तीनशे पट. खाली जी कुजबूज असते ती वर आरडाओरडा होऊ शकते. मग वरचं आकाश कायम उलथंपालथं का नसतं? याचं उत्तर ज्यूल चार्नी आणि फिलिप ड्रेझिन यांनी १९६१ साली दिलं. जागच्या जागी उभ्या असलेल्या लाटा वर चढायच्या तर वाटेतला वारा पश्चिमेकडून वाहणारा हवा, आणि तोही फार जोराचा नको. पूर्वेकडून वाहत असेल तर दार बंद. जोर प्रमाणाबाहेर असला तरीही बंद, आणि लाट जितकी लहान तितकी ती मर्यादा लवकर गाठली जाते. उन्हाळ्यात स्थितांबरातला, म्हणजे साधारण दहा ते पन्नास किलोमीटर उंचीच्या थरातला, वारा पूर्वेकडून वाहतो, म्हणून उन्हाळ्यात वरचं आकाश शांत. हिवाळ्यात तो पश्चिमेकडून वाहतो आणि दार उघडतं, पण त्यातून सगळ्यात अगडबंब लाटाच आत शिरतात: एक फुगवट्याची, दोन फुगवट्यांची, क्वचित तीनची. माझ्या नकाशावर तीस किलोमीटरला बारीकसारीक सगळं गळून जातं ते याच चाळणीमुळे.

ही लाट वर जाऊन काय करते, हे या चाळणीचा पत्ता लागण्याआधीच एकाला दिसलं होतं. १९५२ च्या हिवाळ्याच्या शेवटी बर्लिनमध्ये रिखार्ड शेरहाग यांच्या फुग्यांनी स्थितांबरातलं तापमान अचानक चढल्याचं कळवलं. हिवाळ्यात, सूर्याचा काही संबंध नसताना. अशा घटनांत तिथली हवा काही दिवसांत चाळीस-पन्नास अंशांनी तापू शकते. सूर्य नाही, आग नाही, मग उष्णता येते कुठून? १९७१ साली तारोह मात्सुनो यांनी ते उलगडलं. हिवाळ्यात ध्रुवाभोवती थंड हवेचा एक भलामोठा भोवरा फिरत असतो. वर आलेल्या लाटा तिथे फुटतात आणि आपली पश्चिमेकडची ओढ त्या वाऱ्याच्या अंगावर सोडतात. त्याला ब्रेक लागतो. वेग गमावलेली हवा ध्रुवाकडे सरकते, खाली बसते, दाबली जाते आणि दाबली गेल्याने तापते. कधी कधी वाऱ्याची दिशाच उलटते.

फेब्रुवारी २०१८ मधली अशीच एक घटना मी नकाशावर दिवसागणिक बघितली. आधी भोवरा लांबट झाला. मग मध्ये चिमटा बसला. मग त्याचे दोन तुकडे झाले आणि ध्रुवावर, जिथे भोवऱ्याचं केंद्र असायचं तिथे, उबदार हवा येऊन बसली. दोन फुगवट्यांची लाट किती ताकदवान असते हे सूत्रात वाचणं वेगळं आणि सबंध गोलार्धाचा वारा तिने मधोमध चिरलेला बघणं वेगळं. दोन-तीन आठवड्यांत युरोपात पूर्वेकडून हाडं गोठवणारी थंडी उतरली. तेव्हा बातम्यांमध्ये ‘पोलर व्होर्टेक्स’ हा शब्द जो काही उधळला गेला त्याने माझं डोकं उठलं होतं. जणू कुणी राक्षस उत्तरेतून खाली येतो. भोवरा धडधाकट असतो तेव्हा थंडीला तो ध्रुवापाशी कोंडून ठेवतो. मोडला की ती इतस्ततः सांडते. तीही दर वेळी नाही. स्थितांबर उलटंपालटं होऊन खाली जमिनीवर ढिम्म काही न घडल्याचे हिवाळेही आहेत.

आणखी एका बाबतीत माझा असाच त्रागा होतो. आर्क्टिक तापतंय म्हणून जेट स्ट्रीम जास्त नागमोडी होतेय, असं हल्ली प्रत्येक उष्णतेच्या लाटेनंतर ठासून सांगितलं जातं. मांडणी अभ्यासण्याजोगी आहे, नाकारण्याजोगी नाही. पण निरीक्षणं आणि प्रतिमानं यांच्यात त्यावर अजून एकमत झालेलं नाही. पृथ्वी तापतेय हे सिद्ध करायला या लाटांची साक्ष लागत नाही. त्यांना साक्षीला बोलवायचंच, तर त्यांची उलटतपासणी पुरी होऊ द्यावी.

दक्षिणेकडे मात्र या लाटांनी काय केलं आहे, किंवा खरं तर काय केलेलं नाही, याबद्दल शंका नाही. ओझोनला खाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन्स मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या देशांनी सोडली. भोक पडलं अंटार्क्टिकावर. का? त्या रसायनांतला क्लोरीन मोकळा व्हायला स्थितांबरात उणे ७८ अंशांखालची थंडी लागते, म्हणजे तिथे ढग धरतात आणि त्यांच्या कणांवर पुढची रसायनं घडतात. उत्तरेत रॉकी पर्वत आहे, तिबेटचं पठार आहे, खंड आणि समुद्र आलटून पालटून मांडलेत. वारा त्यांना धडकतो आणि मोठ्या लाटा उठतात. त्या वर जाऊन भोवऱ्याला सतत धक्के देत राहतात, ऊब आणत राहतात. दक्षिणेत मधल्या अक्षवृत्तांवर जवळजवळ नुसता समुद्र. लाटा दुबळ्या. भोवरा निवांत, गोल, थंडगार. ओझोनच्या भोकाच्या जागेचा निर्णय असा अर्धाअधिक डोंगरांनी केला, आणि तेही त्या गोलार्धातल्या नसलेल्या डोंगरांनी! याला अपवाद सप्टेंबर २००२ मध्ये घडला. दक्षिणेत लाटा इतक्या माजल्या की भोवरा दुभंगला आणि उपग्रहाच्या चित्रात ओझोनचं भोक चक्क दोन तुकड्यांत दिसलं. २०१९ सालीही तिथे असंच अचानक तापलं आणि त्या वर्षीचं भोक १९८० च्या दशकानंतरचं सगळ्यात लहान ठरलं. लोकांना वाटलं ओझोन बरा झाला. तो बरा होतोय हे खरंच, पण त्या वर्षीचं श्रेय लाटांचं.

ऐंशी-शंभर किलोमीटरवर, मध्यांबराच्या माथ्याला, फुगा पोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही. तिथला वारा मोजायला माणसाने नाना खटाटोप केले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून उडालेल्या पहिल्या अग्निबाणाने संध्याकाळच्या आकाशात सोडियमची वाफ सोडली ती याचसाठी. उन्हाने नारिंगी उजळलेला तो ढग कुठे वाहत जातो त्याची छायाचित्रं घ्यायची आणि वारा काढायचा. दुसरा मार्ग उल्कांचा. रोज असंख्य बारीक कण त्या उंचीवर जळतात आणि मागे विद्युतभारित हवेची रेघ ठेवून जातात. ती रेघ वाऱ्याबरोबर सरकते, रडार तिच्यावरून परतलेल्या रेडिओ लहरी टिपतं. शेफील्डला मुल्लर यांनी १९७२ साली अशा उल्कांच्या नोंदींतून दोन दिवसांचा ठेका ओळखला. आज वारा उत्तरेकडे, उद्या दक्षिणेकडे, परवा पुन्हा उत्तरेकडे. हळूहळू इतर ठिकाणचे आकडे जुळत गेले तेव्हा कळलं की हीही पृथ्वीला वेढणारीच लाट आहे. तिचं सगळ्यात ठळक रूप तीन फुगवट्यांचं, पश्चिमेकडे जाणारं. तीन फुगवटे आणि दोन दिवसांचा ठेका, म्हणजे एक फुगवटा सहा दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो. दक्षिणेतल्या उन्हाळ्यात, जानेवारीच्या सुमारास, तिचा वारा सेकंदाला पन्नास मीटरपर्यंत चढतो. पण उन्हाळ्यात दार बंद असतं ना? उभ्या लाटांसाठी बंद असतं. ही स्वतःच पश्चिमेकडे पळणारी, शिवाय तिला पूर्वेकडून वाहणाऱ्या उन्हाळी झोताच्या अस्थिरतेतून वरच्या वर बळ मिळतं.

त्याच्याही वर हवा उरत नाही म्हटलं तरी चालेल, पण लाटेचं काम संपत नाही. जानेवारी २००९ मध्ये आर्क्टिकवरचा भोवरा असाच फुटला, तेव्हा पेरूमधल्या हिकामार्काच्या रडारला, विषुववृत्ताजवळ, आयनांबराची, म्हणजे वरच्या विद्युतभारित थराची, रोजची चाल बदललेली दिसली: सकाळी नेहमीपेक्षा जोरात वर, दुपारी खाली. मधला दुवा म्हणजे सूर्याच्या उष्णतेने रोज उठणाऱ्या हवेच्या भरती-ओहोटी. मोठ्या लाटा त्यांना बिघडवतात, आणि त्या वर जाऊन आयनांबरातले विद्युतप्रवाह हलवतात. उत्तर ध्रुवाच्या थंडीतला गोंधळ विषुववृत्तावरच्या विजेपर्यंत असा पोचतो.

जाता जाता हफची ती दुसरी जात. तिच्यातली सगळ्यात मोठी, एकाच फुगवट्याची लाट साधारण पाच दिवसांत पश्चिमेकडे सरकत पृथ्वीला फेरी मारते. १९७२ साली मॅडन आणि ज्युलियन यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदींमधून तिचा भक्कम पुरावा काढला. वर मध्यांबरात ती चांगली दणकट असते. जमिनीवर मात्र तिच्यामुळे दाब अर्ध्या हेक्टोपास्कलच्या आसपास हलतो. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये दाबमापक असतो. मी त्याची नोंद ठेवणारं ॲप चालू करून फोन टेबलावर सोडून दिला आहे. उष्ण कटिबंधात सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या आसपास येणारे दाबाचे दोन रोजचे चढ त्यात सहज दिसतात. ती सूर्याची भरती. पाच दिवसांची लाटही त्याच रेघेत आहे, पण येणाऱ्या-जाणाऱ्या ढगांच्या आणि वादळांच्या गोंधळाखाली दबलेली. ती वेगळी काढायची तर माझ्या बरोबर समोरच्या रेखावृत्तावर, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, कुणाचा तरी फोन असाच चालू हवा. माझ्याकडे दाब चढत असेल तेव्हा त्याच्याकडे उतरत असेल, आणि अडीच दिवसांनी उलट.